बेगमपुरा की भावसिंगपुरा: एका एम.एस्सी. विद्यार्थिनीच्या खोलीचा हिशोब

सेनगाव तालुक्यातली (जि. हिंगोली) एक विद्यार्थिनी बी.एस्सी. करून छत्रपती संभाजीनगरला येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला आहे, पण वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव नाही. घरची अडीच एकर जमीन. त्यात सोयाबीन आणि तूर, विहिरीच्या भरवशावर अर्धा एकर हळद. घरून महिन्याला ५,५०० रुपये पक्के येतील, त्याच्या वर नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू होणार आणि खोली आठ दिवसांत ठरवायची आहे.

विद्यार्थिनी नमुन्याची आहे, वस्त्या खऱ्या आहेत. खाली भाडं, डबा, रिक्षा यांचे जे दर घेतले आहेत ते हिशोबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. शहरात फिरताना हाती आलेले दर त्या जागी घालावेत, रीत तीच राहते. या प्रकरणातून एकच गोष्ट दाखवायची आहे. पाटीवरचं भाडं पाहून वस्ती स्वस्त की महाग हे कळत नाही. भाडं, पाणी, लाईट, जाणंयेणं आणि पैसे घरून कोणत्या महिन्यात येतात, हे सगळं एका कागदावर मांडलं की क्रम उलटापालटा होतो.

आधी पैशाचं कॅलेंडर

बहुतेक विद्यार्थी इथेच चुकतात, म्हणून हे पहिलं. डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसची आगाऊ रक्कम, गादी-बादली असा मोठा खर्च ऑगस्टमध्ये एकदम येतो. मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरात ऑगस्ट हा सगळ्यात कोरडा महिना. बी-बियाणं, खत, फवारणी यांत हातातला पैसा गेलेला असतो. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, विकून पैसे हाती येईपर्यंत दिवाळी होते. तूर त्यानंतर, आणि हळद शिजवून, वाळवून बाजारात जाईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे वर्षाचा हिशोब जमत असूनही पहिल्या महिन्यात खड्डा पडतो, आणि तो सावकाराकडून उचल घेऊन भरला जातो. दोन-तीन हजारांसाठी घेतलेली ती उचल वर्षभराच्या भाड्यातली सगळी बचत खाऊन टाकते.

म्हणून घर शोधताना घरमालकाला विचारायचा पहिला प्रश्न ‘भाडं किती?’ हा नव्हे. ‘डिपॉझिट दोन टप्प्यांत चालेल का, अर्धं आत्ता, अर्धं नोव्हेंबरात?’ हा विचारावा. विद्यापीठाच्या आजूबाजूच्या वस्त्यांतले बरेच घरमालक पिढ्यान् पिढ्या खेड्यातल्या पोरांना खोल्या देत आले आहेत. सोयाबीनचे पैसे कधी येतात हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरी हा प्रश्न कळतो, तिथे पुढचे प्रश्नही बहुधा सोपे जातात.

तिच्या गरजा तीनच धरल्या. प्रात्यक्षिकं संध्याकाळी सहापर्यंत चालतात आणि डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून परतीचा रस्ता अंधारात चालण्याजोगा हवा. खोलीवर स्वयंपाक करायला वेळ नाही, म्हणून दोन वेळचा डबा किंवा मेस चालत जाण्याच्या अंतरावर हवी. आणि लेखी करार करून देणारा घरमालक हवा. तिसरी गरज सुरुवातीला दुय्यम वाटते. तिच्यावर वर्षाचे हजारो रुपये कसे अवलंबून आहेत ते पुढे येईल.

पाच वस्त्या

विद्यापीठ शहराच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. मकाई दरवाजातून बाहेर पडून खाम नदी ओलांडली की बेगमपुरा, जवळच जयसिंगपुरा, आणि मकबऱ्याच्या बाजूने हनुमान टेकडीकडे चढत गेलेलं पहाडसिंगपुरा. या तिन्ही वस्त्यांतून विद्यापीठात चालत जाता येतं. नागसेनवन आणि छावणीच्या पलीकडे भावसिंगपुरा आणि नंदनवन कॉलनी आहे. इथून अंतर चार-पाच किलोमीटर. पूर्वेला टी.व्ही. सेंटर आणि हडको, म्हणजे एन-११, एन-१२. तिथे मुलींची खाजगी वसतिगृहं, दुकानं, मेस सगळं आहे. जालना रोडवरचं मुकुंदवाडी सगळ्यात लांब. तिथे कामगारांमुळे लहान खोल्या मुबलक मिळतात. औरंगपुरा अभ्यासिका आणि क्लासेसमुळे विद्यार्थ्यांच्या ओठावर असतो, पण तिथली जागा व्यापारी भावाने जाते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास दिवसभर अभ्यासिकेत बसून करणाऱ्याला तो परवडतो, प्रयोगशाळेत दिवस काढणारीला नाही. म्हणून तो बाजूला ठेवला.

तीन मुलींनी मिळून एक खोली घ्यायची असं धरून एकीच्या वाट्याचा महिन्याचा खर्च, २४ दिवसांच्या येण्याजाण्यासह:

बेगमपुरा: भाडं १,९००, लाईट १५०, पाणी १५०, प्रवास नाही. एकूण २,२००.
पहाडसिंगपुरा: भाडं १,७००, लाईट १५०, पाणी ३००, उशीर झाल्यावर आठ वेळा रिक्षा ३२०. एकूण २,४७०.
भावसिंगपुरा: भाडं १,४००, लाईट १५०, पाणी २५०, शेअर रिक्षा एका खेपेला २० प्रमाणे ९६०. एकूण २,७६०.
मुकुंदवाडी: भाडं १,२००, लाईट १५०, पाणी २००, रिक्षा बदलून एका खेपेला ३० प्रमाणे १,४४०. एकूण २,९९०.
टी.व्ही. सेंटर, खाजगी वसतिगृह: लाईट-पाण्यासह २,४००, प्रवास ७२०. एकूण ३,१२०.

भाड्याच्या क्रमाने पाहिलं तर मुकुंदवाडी पहिलं आणि बेगमपुरा चौथं. पूर्ण खर्चाच्या क्रमाने बेगमपुरा पहिलं आणि मुकुंदवाडी चौथं. मुकुंदवाडीहून जालना रोडने यायचं, मग दुसरी रिक्षा धरायची. यात एका बाजूने पाऊण तास सहज जातो. दिवसाचे दीड तास म्हणजे महिन्याचे ३६. जर्नल लिहायचे तेच तास असतात.

आता सायकल घातली तर? भावसिंगपुऱ्याचं गणित पूर्ण बदलतं. जुनी सायकल २,५०० ला घेतली आणि दहा महिन्यांवर वाटली तर महिन्याला २५०, पंक्चर-ब्रेकचे १००. रिक्षाचे ९६० गेले. एकूण २,१५० होतात, म्हणजे बेगमपुऱ्यापेक्षा ५० रुपये कमी. मुलगा असता, किंवा प्रात्यक्षिकं दुपारी संपत असती, तर आम्ही सरळ भावसिंगपुरा सुचवला असता. खोल्या मोठ्या असतात आणि हवा मोकळी असते. या विद्यार्थिनीला मात्र हिवाळ्यात अंधार पडल्यावर छावणीच्या बाजूने सायकल चालवावी लागेल. त्या रस्त्याचे काही तुकडे दोन्ही बाजूंनी वस्ती नसलेले आहेत. पन्नास रुपयांसाठी तो धोका घेऊ नये.

टी.व्ही. सेंटरचं वसतिगृह महाग दिसतं, पण ज्या घरचे लोक मुलीला खोलीवर ठेवायलाच तयार नसतात त्यांच्यासाठी शिक्षण चालू राहण्याचा तोच एक रस्ता असतो. तिथे दार बंद होण्याची वेळ विचारायला विसरू नये. संध्याकाळी सातला दार बंद होणार असेल आणि प्रयोगशाळा सहाला सुटणार असेल तर ग्रंथालयात बसणं कायमचं संपलं.

पाणी

या शहरात खोली निवडताना पाण्याइतका वेळ दुसऱ्या कशालाच देऊ नये. पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून उपसून आणलं जातं. शहर वाढलं, जुन्या जलवाहिन्या अपुऱ्या पडल्या, आणि नळाला रोज पाणी येणं बऱ्याच वस्त्यांमध्ये केव्हाच बंद झालं. नव्या मोठ्या जलवाहिनीचं काम बरीच वर्षं चाललं आहे. ज्या शहराला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर बांधून डोंगराचं पाणी घरोघर पोचवलं, ज्याच्या पाणचक्कीशेजारून विद्यार्थी रोज ये-जा करतात, तिथे आज दोन पाण्यांमधले दिवस मोजून खोली घ्यावी लागते. हे लिहिताना वाईट वाटतं.

हिशोब सोपा आहे: माणसं × ६० लिटर × दोन पाण्यांमधले दिवस. आंघोळ, कपडे, संडास, भांडी धरून माणशी ६० लिटर म्हणजे काटकसरच. घरात तीन खोल्यांत मिळून नऊ मुली आणि घरमालकाची चार माणसं असतील तर तेरा माणसं, रोजचे ७८० लिटर. पाणी सहा दिवसांनी येत असेल तर ४,६८० लिटर साठवायला जागा हवी. गच्चीवर हजार लिटरची एक काळी टाकी असेल आणि खाली हौद नसेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी संपते. ‘पाण्याची काही अडचण नाही’ असं घरमालक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्या घरापुरती अडचण नसते, कारण खालच्या मजल्याचा वेगळा ड्रम भरलेला असतो.

म्हणून खोली पाहायला गेल्यावर हे करावं. जमिनीतल्या हौदाचं झाकण उघडून पाहावं. लांबी × रुंदी × खोली फुटांत मोजून गुणाकाराला २८ ने गुणलं की लिटर मिळतात. सहा बाय पाच बाय सहा फुटांचा हौद म्हणजे सुमारे ५,००० लिटर, वर धरलेल्या तेरा माणसांना सहा दिवस पुरेल इतका. बोअर असेल तर तो मार्च ते जून चालतो का, हे घरमालकाला न विचारता शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावं: ‘उन्हाळ्यात या गल्लीत टँकर किती येतात?’ न्हाणीघरातली बादली आणि नळाची तोटी पाहावी. पांढरा थर जाड असेल तर पाणी क्षाराचं आहे, साबणाला फेस येणार नाही आणि पिण्यासाठी वीस लिटरचा जार घ्यावाच लागेल. टँकरचे पैसे कोण देणार, आणि माणशी वाटणार की खोलीमागे, हे करारात लिहून घ्यावं. खोलीमागे वाटले तर दोघींच्या खोलीला तिघींच्या खोलीइतकाच बोजा पडतो.

खोली ऑगस्टमध्ये पाहिली जाते, ही मोठी अडचण आहे. पावसाळ्यात बोअर भरलेला असतो, हवा गार असते, पत्र्याची खोलीसुद्धा छान वाटते. तीच खोली एप्रिलमध्ये, पारा चाळीसच्या वर गेला की, दुपारी बसण्याजोगी राहत नाही. परीक्षेचा अभ्यास नेमका तेव्हाच असतो. वर पत्रा असेल तर कूलर लागणार. कूलरला दिवसाला चाळीसेक लिटर पाणी लागतं आणि लाईटचे युनिट वाढतात. पत्र्याच्या खोलीचं भाडं महिन्याला तीनशेने कमी असलं तरी उन्हाळ्याचे तीन महिने ती बचत परत घेतात. स्लॅबची खोली, शक्यतो मधल्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत उघडी नसलेली, अशी पाहावी. पहाडसिंगपुऱ्यात उंचीवरच्या गल्ल्यांमध्ये नळाचा दाब कमी पडू शकतो. म्हणून वरच्या हिशोबात तिथे पाण्याला बेगमपुऱ्याच्या दुप्पट पैसे धरले आहेत.

लाईटचा मीटर

महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा भाव कमी असतो आणि १०१ ते ३०० युनिटांचा त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. तीन खोल्या आणि घरमालक एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांची बेरीज शंभर ओलांडते, आणि महिन्याला पंचवीस युनिट जाळणाऱ्या खोलीलाही वरच्या भावाचा वाटा बसतो. यात घरमालकाची लबाडी असतेच असं नाही, एका मीटरचा तो परिणाम आहे. खोलीला स्वतःचा सबमीटर असावा आणि युनिटचा दर करारात आकड्यात लिहिलेला असावा. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवावा.

करार आणि स्वाधार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. विद्यार्थी हे वाक्य घरमालकाच्या तोंडावर फेकायला जातात, तसं करू नये. पण ते माहीत असलं की बोलण्यात घाबरेपणा राहत नाही.

खर्चही लोक समजतात तितका नाही. भाडं तिघींचं मिळून ५,७००, अकरा महिने, म्हणजे ६२,७००. डिपॉझिट दोन महिन्यांचं ११,४००, त्यावर दहा टक्के वार्षिक व्याज धरायचं म्हणजे १,१४० पर्यंत. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क येतं १६० रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. भाडेकराराची नोंदणी ऑनलाइन होते. स्वतः भरता आलं नाही तर एजंटाचे पैसे वेगळे. एजंट सोडून हा खर्च तिघींत वाटला तर एकीला चारशेच्या जवळपास.

आता हे चारशे का भरायचे? ही विद्यार्थिनी अनुसूचित जाती प्रवर्गातली आहे, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी असलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेला पात्र आहे. योजनेत संभाजीनगरसारख्या महसूल विभागाच्या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरवले गेले: भोजन २८,०००, निवास १५,०००, निर्वाह ८,०००. निवासाचे १५,००० दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला १,५००. म्हणजे बेगमपुऱ्यातल्या भाड्याचा मोठा भाग निघतो. यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ७५ टक्के हजेरी, आधारशी जोडलेलं बँक खातं, ज्या शहरात शिकतो तिथला रहिवासी नसणं, आणि आपण भाड्याने राहतो याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे भाडेकरार. ‘करार कशाला, घरच्यासारखं राहा’ असं म्हणणाऱ्या घरी पाचशे रुपये कमी भाड्यात राहिलं तर दहा महिन्यांत ५,००० वाचतात, पण ५१,००० च्या अर्जाला कागद राहत नाही. नोटरी केलेला करार आणि नोंदणीकृत करार हे वेगळे कागद आहेत. समाजकल्याण कार्यालयाला कोणता चालतो हे करार करण्याआधी विचारून यावं.

मात्र हा पैसा भाडं म्हणून धरू नये. अर्ज, तपासणी, हजेरीचे दाखले आणि मग हप्ता, यात महिने जातात. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचं असतं. ५,५०० मध्ये बसेल तीच खोली घ्यावी, नोव्हेंबरमधलं उरलेलं डिपॉझिट सोयाबीनच्या पैशांतून द्यावं, आणि स्वाधारचा हप्ता आला की दुसऱ्या वर्षाची पुस्तकं त्यातून घ्यावीत. इतर प्रवर्गांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अशा योजना आहेत. आधी अर्ज, नंतर पैसा, हा क्रम तिथेही तसाच, त्यामुळे हाच सल्ला लागू पडतो.

तिचा महिना असा बसतो: खोली २,२००, दोन वेळचा डबा २,६००, मोबाईल-झेरॉक्स-जर्नल-साबण ५००. एकूण ५,३००, उरले २००. रविवारी संध्याकाळी डबा बंद असेल तर महिन्यात चार जेवणं बाहेरची, ते दोनशे तिथे संपतात. घरी जाण्याचं भाडं यात नाही. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून दोनेकशे किलोमीटरची खेप दिवाळी आणि उन्हाळ्यात घरच्यांना झेपते. पहिल्या दिवशी हातात लागणारी रक्कम: डिपॉझिटचा अर्धा वाटा १,९००, भाडं १,९००, डब्याची आगाऊ रक्कम २,६००, गादी-बादली १,५००, करार ४००. एकूण ८,३००. डिपॉझिटचे टप्पे पाडले नसते तर १०,२००.

तिसरी निघून गेली तर

कागदावरचं हे सगळं ऑक्टोबरात एका घटनेने कोसळू शकतं. वसतिगृहाची पुढची यादी लागते, तिघींपैकी एकीचं नाव येतं आणि ती निघून जाते. तिचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण खोली ५,७०० ची आहे, आणि उरलेल्या दोघींच्या वाट्याला १,९०० ऐवजी २,८५० येतात. महिन्याला ९५० जास्त. वरच्या हिशोबात शिल्लक दोनशे आहे. दुसऱ्या सत्रात खोल्या सोडाव्या लागण्याचं मोठं कारण हेच असतं, आणि त्या वेळी नवी खोली मिळणं अवघड, कारण सगळे आधीच बसलेले असतात.

उपाय करारातच करावा लागतो. एक, भाडं खोलीचं न ठेवता कॉटप्रमाणे ठेवायचं: प्रत्येकीचे १,९००, एक गेली तर तिची कॉट भरायची जबाबदारी घरमालकाची. काही घरमालक यासाठी शंभर रुपये जास्त मागतात. ते द्यावेत. दोन, घरमालक तयार नसेल तर जाणारीने एक महिना आधी सांगायचं आणि बदली मुलगी आणून द्यायची, नाहीतर तिच्या डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं जाईल, असं तिघींनी आपापसांत लिहून ठेवायचं. मैत्रिणींत कागद कसला, असं वाटतं. पण मैत्री टिकायची असेल तर हा कागद हवा.

स्वतःचं नाव वसतिगृहाच्या यादीत आलं तर काय, हेही आधीच ठरवावं. म्हणून करारात ‘सहा महिने सोडता येणार नाही’ अशी अट घालू देऊ नये. एका महिन्याची नोटीस पुरे.

सुट्टीचा मुद्दाही इथेच मिटवावा. ऑगस्टला केलेला अकरा महिन्यांचा करार जूनअखेर संपतो, परीक्षा त्याआधी संपते. रिकाम्या खोलीत फक्त पेट्या राहणार असतील तर त्या काळाचं अर्धं भाडं मागावं. ऑगस्टमध्ये मागितलं तर पुष्कळदा मिळतं, मेमध्ये मागितलं तर मिळत नाही.

आडनाव

एक गोष्ट न लिहिता पुढे जाणं चुकीचं ठरेल. खोली पाहायला गेलं की काही घरांत भाड्याच्या आधी आडनाव विचारलं जातं, गाव विचारलं जातं, आणि मग खोली ‘कालच गेली’ असते. ज्या शहरात १९५० मध्ये बाबासाहेबांचं मिलिंद महाविद्यालय सुरू झालं, ज्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव मिळालं, त्याच्या सावलीतही हे घडतं. यात विद्यार्थिनीचा कोणताही दोष नाही आणि तिने आडनाव लपवूही नये. लपवलेलं आडनाव करारावर आणि आधार कार्डावर येतंच, मग मधल्या सत्रात खोली सोडण्याची वेळ येते.

व्यवहारात चालणारा मार्ग म्हणजे पाटी पाहून दार ठोठावण्याऐवजी विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारणं. जून-जुलैमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुली खोल्या सोडतात. त्यांच्या जागी त्यांच्याच ओळखीने गेलं तर घरमालकाला नवी व्यक्ती अनोळखी राहत नाही, दलालाचे पैसे वाचतात, आणि पाणी, मीटर, घरमालकाचा स्वभाव याची खरी माहिती मिळते. नागसेनवन, भावसिंगपुरा, बेगमपुरा या भागांत बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना ठेवून घेण्याची जुनी रीत आहे. प्रवेशाच्या दिवशीच विभागाच्या व्हरांड्यात पाच जणींचे नंबर घेतले तर आठ दिवस पुरतात. प्रवेश यादीची वाट बघत घरी बसलं तर पुरत नाहीत.

नांदेड, लातूर

हेच गणित नांदेडला वेगळं निघेल. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ शहराबाहेर विष्णुपुरीला आहे. तिथेच अभियांत्रिकी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं असल्यामुळे खोल्यांना मागणी तिन्हीकडून येते. तिथे असर्जन, कौठा, सिडको हे पर्याय रिक्षाच्या भाड्यासह मांडून पाहावेत. लातूरला तर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांसाठी येणारी मुलं भाड्याचा भाव ठरवतात. शिकवणीच्या भागापासून दूर गेल्याशिवाय पदव्युत्तर विद्यार्थ्याला परवडत नाही. पाण्याचा प्रश्न तिथे संभाजीनगरइतकाच गंभीरपणे विचारावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं ते शहर आहे.

निर्णय

या विद्यार्थिनीसाठी: बेगमपुरा, स्लॅबची खोली, कॉटप्रमाणे भाडं, ५,००० लिटरचा हौद असलेलं घर, डिपॉझिट दोन टप्प्यांत, करार नोंदणीकृत. बेगमपुऱ्यात अशी खोली आठ दिवसांत मिळाली नाही तर पहाडसिंगपुऱ्याचा खालचा, मुख्य रस्त्याजवळचा भाग. तोही जमला नाही तर पहिलं सत्र टी.व्ही. सेंटरच्या वसतिगृहात काढावं. त्यासाठी महिन्याला ९२० जास्त लागतात. घरून ते येणार नसतील तर विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत जुलैमध्येच नाव द्यावं. जानेवारीत, काही मुली वसतिगृहात गेल्यावर, बेगमपुऱ्यात कॉट रिकाम्या होतात, तेव्हा बदलावं.

खोलीत पाऊल ठेवायच्या दिवशी चारही भिंती, खिडकीच्या काचा, पंखा, नळ आणि मीटर यांचे फोटो तारखेसह काढावेत आणि भाडेकरू म्हणून आपली माहिती घरमालकाने पोलीस ठाण्याला दिली का हे पाहावं. भाडं शक्यतो बँक खात्यावर किंवा फोनवरून द्यावं, रोख दिलं तर त्याच दिवशी पावती घ्यावी. रंग देण्याच्या नावाखाली डिपॉझिट कापलं जातं, म्हणून ‘नेहमीच्या वापराने झालेल्या डागांसाठी कपात नाही’ ही ओळ करारात घालावी, आणि डिपॉझिट खोली सोडल्यापासून किती दिवसांत परत मिळेल तो आकडाही. पंधरा दिवस लिहून घेतले तर ती जुलैत पुन्हा विद्यापीठात येईल तोवर पैसे तिच्या खात्यात असतील, पेरणी नुकतीच झालेल्या घराकडे नव्या खोलीसाठी मागावे लागणार नाहीत.